पाया खणण्याआधीचा एक दिवस

प्रति,
माननीय मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, धाराशिव

महोदय,

घरकुलाचं मंजुरीपत्र हातात पडल्यापासून कुदळ लागेपर्यंत जे दिवस जातात, त्यातला एक दिवस मला आपल्याकडे मागायचा आहे. ज्या जागेवर घर उभं राहणार, त्या जागेवर त्या दिवशी ग्रामीण गृहनिर्माण अभियंता, गवंडी आणि त्या घरातली बाई यांनी एकत्र यावं. जमिनीवर फक्कीनं खोल्या आखाव्यात. खाट कुठे, चूल कुठे, धान्याची पोती कुठे, शेळ्या कुठे, हे मांडून बघावं. दार कुठून उघडणार ते दाखवावं. मगच पाया खणावा.

घरकुल योजनेत मोकळ्या जागेचा फोटो लागतो, जोत्याचा लागतो, छताचा लागतो. त्या जोत्याच्या आत भिंती कुठे आणि का उभ्या केल्या, हे मात्र कुणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी ते गवंडी ठरवतो, तेही पाया खणायच्या सकाळी, शेजारच्या घरकुलाकडे बोट दाखवून. गवंड्याचा दोष नाही. त्याच्या पुढच्या कामाची तारीख ठरलेली असते, आणि नकाशा काढायचे पैसे त्याला कुणी दिलेले नसतात.

मी लोहारा तालुक्यातली. भूकंपानंतर वसवलेल्या गावात वाढले, स्थापत्यशास्त्राची पदविका घेतली, आणि आता लोकांची घरं आखून देण्याचं काम करते. बंगले थोडे, साधी एका कुटुंबाची घरंच जास्त. आपल्या जिल्ह्यात घराचा नकाशा घरातल्या माणसांना न विचारता ठरला तर काय होतं, हे पाहायला मला पुस्तकात जावं लागलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन करून झोपलेली गावं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हादरली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आपला धाराशिव जिल्हा, मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. ६.२ तीव्रतेच्या धक्क्यात इतकी माणसं दगावली ती स्वतःच्या घरांखाली. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, आतली पाळी वेगळी, बाहेरची वेगळी, मधे चिल्लर दगडांचा आणि मातीचा भराव, आणि दोन्ही पाळ्यांना आरपार धरणारा लांब दगड जवळपास कुठेच नाही. वर माळवद, म्हणजे लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यात आणखी भर. जिथं माळवदाचं ओझं लाकडी खांबांवर होतं, तिथं भिंती ढासळूनही छत बरेचदा उभं राहिलं. जिथं तुळया थेट भिंतीत रोवलेल्या होत्या, तिथं भिंत फुगली आणि छत खाली आलं. तोवर हा सगळा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जात होता.

त्यानंतर जे पुनर्वसन झालं ते मोठं काम होतं आणि त्यातल्या माणसांबद्दल माझ्या मनात आदर आहे. राज्य सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं कार्यक्रम आखला. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. घराचा आकार शेतजमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून जास्त जमीन असलेल्याला ७५०. घरं पक्की झाली. आमच्या आईवडिलांच्या पिढीला छताखाली पुन्हा झोप लागली ती या घरांमुळेच.

पण नकाशा कागदावरच ठरला होता. जुन्या गावात ढेलजेतून आत आलं की चौक, चौकाला लागून सोपा, आत माजघर, मागे न्हाणी आणि परस. बाई दिवसभर चौकात काम करायची आणि रस्त्यावरच्या कुणाला दिसायची नाही. नव्या गावात रुंद सरळ रस्ते आले, रस्त्याकडे तोंड करून घरं आली, दार उघडलं की थेट चूल दिसायला लागली. मग काय झालं, ते आजही कुठल्याही पुनर्वसित गावात जाऊन बघता येतं. सासुरवाशिणींनी चूल मागे पत्र्याच्या आडोशाला नेली, दिलेलं स्वयंपाकघर धान्याची खोली झाली. कित्येक संडासांत गोवऱ्या आणि सरपण गेलं. रस्त्याकडच्या खिडक्या कायमच्या बंद झाल्या, पुढे भिंत उठली, भिंतीच्या आत पुन्हा एक चौक तयार झाला. लोकांनी हळूहळू, स्वतःच्या पैशानं, जमेल तसं जुनं घर नव्या घराभोवती बांधून घेतलं. ते वाढीव बांधकाम कुठल्याही अभियंत्यानं पाहिलेलं नव्हतं. भूकंपाला तोंड देणाऱ्या घराला भूकंपाचा विचार नसलेल्या भिंती येऊन चिकटल्या, ही मला त्यातली सर्वात काळजीची गोष्ट वाटते.

त्याच कार्यक्रमात दुसरा रस्ताही होता, आणि त्याची आठवण आज जिल्हा परिषदेला करून द्यावीशी वाटते. जी गावं मूळ जागीच राहिली, तिथं घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः केलं. पैसे टप्प्याटप्प्यानं त्यांच्याकडे आले, अभियंता सल्ल्याला होता. लोकांशी बोलण्याचं काम प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे होतं. संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. लोखंडी पट्टा कशाला, दोन पाळ्यांच्या भिंतीत आरपार दगड कशाला, माळवदाची माती कमी का करायची, हे त्या बायका घराघरांत सांगत होत्या, आणि घरातल्या बाईला काय हवंय ते अभियंत्यापर्यंत नेत होत्या. लातूर आणि आपला जिल्हा मिळून शेकडो गावांत हे झालं. म्हणजे मी जे मागते आहे ते या मातीत एकदा होऊन गेलेलं आहे.

आता आजच्या घरकुलाकडे येते.

किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे आपण गावात बोलतो ते २६९ चौरस फूट. नऊ इंची भिंती वजा केल्या की आत सव्वादोनशेच्या आतबाहेर उरतात. इतक्या जागेत एक दार दोन फूट इकडे की तिकडे, यावर घर राहण्याजोगं होतं किंवा होत नाही. मोठ्या बंगल्यात नकाशातली चूक खपून जाते. लहान घरात ती रोज पायात येते.

दाराचंच बघा. पुढचं दार आणि मागचं दार भिंतीच्या मधोमध, समोरासमोर ठेवायची आपल्याकडे सवय आहे. त्यानं वारा खेळतो हे खरं, पण खोलीच्या मधून रस्ता जातो आणि दोन्ही बाजूंना उरतात त्या अरुंद पट्ट्या. एकीकडेही खाट नीट बसत नाही. दोन्ही दारं एका बाजूला सरकवली तर वारा तोच राहतो आणि खोलीचा मोठा भाग एकसंध मिळतो. पण किती सरकवायची? अगदी कोपऱ्यात गेली तर भूकंपात कोपरा फाटतो, कारण भिंतीची ताकद कोपऱ्यात असते. म्हणून कोपऱ्यापासून दीड-दोन फूट भिंत अखंड ठेवायची, मग दार. खाटेचा हिशेब आणि भूकंपाचा हिशेब असे एकाच भिंतीवर येतात, आणि ते जुळवायला अर्धा तास पुरतो, फक्त तो अर्धा तास पायाआधीचा हवा. लिंटलच्या पातळीला चारही भिंतींवरून न तुटता फिरणारा सळईचा पट्टा तर हवाच. तो कागदावर सगळीकडे असतो, कामावर कधी कधी फक्त दारा-खिडक्यांवर असतो.

उन्हाचं आपल्याकडे वेगळं आहे. धाराशिव सव्वाअठरा अंश अक्षांशाच्या आसपास. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळं ऊन स्लॅब घेतो, आणि तीननंतर पश्चिमेची भिंत. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री आत ओततो. जुन्या माळवदाची माती हे ऊन बाहेरच्या बाहेर थोपवायची. तिच्या वजनानं माणसं गेली, म्हणून ती परत आणा असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिचं काम कुणीतरी करायला हवं. स्लॅबवर दर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात, पश्चिमेकडे माणसं झोपतात ती खोली न ठेवता न्हाणी, जिना आणि धान्याची जागा, आणि पूर्वेला ओसरी, जी दुपारनंतर आपोआप सावलीत येते. एवढ्यानं घर आतून निवतं, आणि यातल्या चुन्याखेरीज कशालाच जास्त खर्च नाही, फक्त जागांची अदलाबदल आहे.

वास्तू बघणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. स्वयंपाकघर आग्नेयेला हवं म्हणतात, तर आपल्याकडे उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, आग्नेयेच्या चुलीचा धूर घरात न फिरता बाहेर पडतो. जिथं परंपरा आणि वारा एकाच बाजूला आहेत तिथं दोघांचं ऐकावं. म्हणून मी साधारण असं आखते: पूर्वेला ओसरी, तिच्या आग्नेय टोकाला स्वयंपाकघर, मागे एक मोठी खोली, पश्चिमेच्या भिंतीबाहेर न्हाणी आणि वर जाणारा जिना. पण प्लॉटचा रस्ता पश्चिमेला असला तर हे सगळं फिरवावं लागतं. दार पश्चिमेलाच येणार, मग त्याच्यापुढे खोल पडवी हवी आणि एखाद्या लिंबाची जागा राखायला हवी. म्हणूनच एकच छापील नकाशा सगळ्यांना देऊन भागत नाही.

केंद्र सरकारनं 'पहल' नावानं राज्याराज्यांतल्या हवामानाप्रमाणे ग्रामीण घरांचे नमुने एकत्र केलेले आहेत, आणि राज्याच्या महाआवास अभियानात डेमो हाऊसही बांधली गेली. हे काम उपयोगाचं आहे. पण डेमो हाऊस रिकामं असतं. त्यात खाट नसते, पोतं नसतं, बाळंतीण नसते. रिकामी खोली कुणालाही मोठीच वाटते.

आणि आपल्या घरात काय काय असतं! सोयाबीन निघालं की त्या आठवड्यात भाव पडलेला असतो. दिवाळीनंतरपर्यंत थांबायचं म्हटलं तर पोती ठेवायची कुठे? घरकुलाच्या एकुलत्या खोलीत. थप्पी भिंतीला लागते, ओल धरते, उंदीर येतात, आणि माणसं ओसरीत झोपतात. जागा नाही म्हणून पडत्या भावात माल विकलेली घरं मला माहीत आहेत. जुन्या वाड्यांत धान्याला बळद होतं, पेव होतं. नव्या घरात स्वयंपाकघराच्या छताखाली मजबूत माळा आणि मागच्या भिंतीलगत जमिनीपासून हातभर उंच कट्टा, एवढं आधी ठरवलं तरी कितीतरी पोती सुरक्षित राहतात. माळ्याचं वजन भिंतीवर येणार असेल तर ते गवंड्याला जोत्याच्या वेळीच कळायला हवं.

शेळ्यांचंही तेच. ज्या उस्मानाबादी शेळीला देशभर ओळख आहे, ती आपल्या जिल्ह्यात गरिबाच्या दारातली बँक आहे, आणि घरकुलाच्या नकाशात तिला दोरी बांधायची जागा नसते. मग ती पडवीत येते, लेंड्या दारात पडतात, लहान मुलं आजारी पडतात. भूमकडे खव्याच्या भट्ट्या पेटतात तिथं धगीचा आणि धुराचा प्रश्न वेगळा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचं घर महिनोन् महिने बंद राहतं, मागे म्हातारी माणसं आणि कधी शाळेतली मुलं. त्यांना कुलूपबंद धान्यखोली आणि रस्त्यावरच्या शेजाऱ्याला दिसेल अशी ओसरी दोन्ही लागतात. ही माहिती तालुक्याच्या कार्यालयात बसून मिळणार नाही. ती त्या बाईला विचारली की पाच मिनिटांत मिळते.

तिला विचारायचं आणखी एक कारण सरकारनंच दिलेलं आहे. घरकुल शक्यतो बाईच्या नावावर किंवा पती-पत्नी दोघांच्या नावावर मंजूर होतं. कागदावर घर तिचं आहे. तरी आखणीच्या वेळी मी बऱ्याच ठिकाणी बघते, पुरुष गवंड्याशी बोलत उभे असतात आणि ती लांब उभी राहून पाणी देते. ओट्याची उंची तिच्या कमरेला येणार की छातीला, मोरीचं पाणी कुठे जाणार, रात्री संडासाला जाताना कुणाच्या अंगणातून जावं लागणार, हे तिच्याखेरीज कुणाला ठाऊक? एकदा लोहाऱ्याजवळच्या एका गावात फक्कीची रेघ ओढून झाल्यावर घरची बाई शांतपणे आत जाऊन बसली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "इथं पीठ मळायला, भाकरी उलटायला हात फिरंना." आम्ही भिंत एक फूट सरकवली. जमिनीवरच्या रेघेला सरकायला पैसे पडत नाहीत.

वाढीचा विचार मात्र सर्वात जास्त राहून जातो. घरकुल हे शेवटचं घर नसतं. मुलाचं लग्न होतं, एक खोली हवी होते. पैसे आले की वर मजला हवा होतो. भूकंपाला साधा चौकोन मानवतो, आणि आमच्याकडे चौकोनाला एकेक खोली चिकटत जाते. वाढ कुठल्या बाजूला होणार ते आधीच ठरलं, तर तिकडे खिडकीच्या जागी पुढे दार होईल असं माप ठेवता येतं, न्हाणीचा शोषखड्डा त्या बाजूला घालायचं टाळता येतं, जिना आधीच योग्य कोपऱ्यात येतो. जिन्यावर मी फार भर देते, कारण जिना नसला की स्लॅब वाया जातो. कुरडया, शेवया, डाळी वाळवायला आणि उन्हाळ्यात झोपायला आपली माणसं कायम माळवदावर गेली. आणि वर मजला चढवायचाच असेल तर पाया त्या हिशेबानं लागतो. काळ्या मातीत तर फारच. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, उथळ पाया तिच्याबरोबर हलतो आणि दोन वर्षांत भिंतीला तिरक्या चिरा पडतात. मुरूम लागेपर्यंत खणा, हे सांगायला कुणीतरी खड्ड्यापाशी उभं असायला हवं.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात भूम-परंडा भागात घराघरांत पाणी शिरलं. पाऊस आटला की आपण तो आटलाच असं धरून चालतो, आणि जोतं रस्त्याच्या बरोबरीनं ठेवतो. रस्ता दर काही वर्षांनी डांबरीकरणात, सिमेंटीकरणात उंच होतो आणि घर खड्ड्यात जातं. पुराच्या गावांत पुन्हा उभी राहणारी घरं निदान त्या पाण्याची खूण बघून आखली जावीत. ती खूण प्रत्येक गावात माणसांना माहीत आहे.

घरकुलाबाहेर स्वतःच्या पैशानं बांधणाऱ्यांनाही याची तेवढीच गरज आहे. ग्रामीण भागात लहान घरांच्या परवानगीचे नियम राज्य सरकारनं गेल्या काही वर्षांत सैल केले, त्यानं हेलपाटे वाचले आणि ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर नकाशावर फिरणारी दुसरी नजरही कमी झाली. ग्रामपंचायतीत महिन्यातून एखाद्या ठरल्या दिवशी अभियंता बसला आणि ज्याला घर बांधायचंय त्यानं कागद घेऊन यावं असं झालं, तर उमरगा-तुळजापूर भागातल्या गावांतले तीस बाय चाळीसचे प्लॉटवालेही येतील.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही, हे मला ठाऊक आहे म्हणूनच ती करते आहे. अभियंत्यांकडे गावं जास्त आणि दिवस कमी असतात, तेव्हा एका गावातल्या सगळ्या घरकुलांची आखणी एकाच दिवशी ठेवता येईल. ग्रामपंचायतीनं फक्कीची पोती, दोरी आणि काही रिकामी खोकी पुरवावीत. खाट म्हणून खाटच आणून टाकावी. आखणी झाली की त्या रेघांचा फोटो घ्यावा, त्यावर घरातल्या बाईची सही किंवा अंगठा घ्यावा, आणि तो फोटो जोत्याच्या फोटोसोबत नोंदवून घ्यावा. ज्या गवंड्यांना प्रशिक्षण दिलं जातं, त्यांच्या अभ्यासात विटा-सिमेंटबरोबर हा एक दिवस घालावा. उमेद अभियानाच्या बचत गटांतल्या बायका गावोगाव आहेतच. त्यांच्यातल्या एक-दोघींना संवाद सहायकांचं जुनं काम पुन्हा शिकवता येईल, आणि शिकवायला त्या वेळच्या बायका अजून आपल्यात आहेत.

सुरुवात भूम आणि परंड्यातल्या पूरग्रस्त गावांपासून व्हावी, असं मला वाटतं, कारण तिथं जोती अजून उठायची आहेत. लोहारा आणि उमरग्यातून यायला मी आणि माझ्याबरोबर काम करणारे दोन गवंडी तयार आहोत. आम्हाला मानधन नको. आपल्या कार्यालयातून अभियंत्यांना तसं एक लेखी पत्र जावं, आणि पहिल्या गावाचं नाव व तारीख आम्हाला कळवावी.

आपली विश्वासू,
लोहारा तालुक्यातील एक रहिवासी